जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक: नट आवळण्याआधी काय काय बघायचं

"ब्रेक लागस, पन गाडी थांबत नही." धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या कुठल्याही गॅरेजवर थोडा वेळ उभं राहिलं की ही तक्रार कानावर येते. त्यावरचा इलाजही ठरलेला: मिस्त्री मागच्या ब्रेक रॉडचा नट चार आटे आवळतो, पेडल वर येतं, गिऱ्हाईक समाधानाने किक मारून निघून जातं. गाडी पाच-सात वर्षांची असेल तर एवढ्यावर भागतंही. पण पंधरा वर्षं उलटून पासिंगला आलेली, किंवा एकदा पासिंग होऊन पुन्हा शेतात, बाजारात, डेअरीवर जुंपलेली एमएच-१८, १९ किंवा ३९ ची फटफटी असेल, तर नट आवळणं म्हणजे ब्रेक तपासणं नव्हे. नटाने फक्त मोकळीक कमी होते. आत लायनर (ड्रमला आतून घासणारी शूवरची पट्टी) किती उरलाय, ड्रम किती खाल्लाय, कॅम फिरतोय की गंजलाय, यातलं काहीच नट सांगत नाही. उलट, झालेली झीज तो झाकून ठेवतो.

हा लेख सीडी हंड्रेड, स्प्लेंडर, बॉक्सर, मॅक्स हंड्रेड, आरएक्स हंड्रेड, राजदूत, येझदी, जुनी बुलेट अशा पुढे-मागे ड्रम असलेल्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागेल अशी जोड-ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत सहसा पुढचा आणि मागचा ब्रेक आपापले स्वतंत्र असतात, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. आपल्याकडे बरेच जण नुसत्या पायावर गाडी थांबवतात. "पुढचा दाबला की गाडी पलटी मारते" ही समजूत घट्ट बसलेली. त्यामुळे पुढचे शू जाड दिसतात, पण कॅम आणि केबल वापराविना गंजून आखडलेले असतात. मागे नेमकं उलटं: सगळं हलतंय, पण शू संपलेले.

आत काय चालतं

चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या गोल भागात, ड्रम फिरतो. ब्रेक प्लेट जागेवर स्थिर असते. प्लेटवर दोन अर्धगोल शू, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला चपटा कॅम. पेडल दाबलं की बाहेरचा आर्म कॅमला फिरवतो, कॅम शू फाकवतो, शू ड्रमला आतून घासतात. सोडलं की स्प्रिंग त्यांना परत ओढतात.

लायनर झिजला की तेवढंच फाकवायला कॅमला जास्त फिरावं लागतं. ड्रम आतून झिजून मोठा झाला तरी तेच. समजा लायनर ४ मिमीचा २ मिमी झाला आणि ड्रम एका बाजूने अर्धा मिमी खाल्ला. म्हणजे शूला अडीच मिमी जादा अंतर कापायचंय. कॅम फिरत फिरत जवळजवळ उभा होतो आणि त्यापुढे कितीही जोर लावा, शू आणखी फाकत नाही. पेडल कडक लागतं, पायाला वाटतं ब्रेक मस्त आहे, आणि गाडी मात्र सरकत राहते. वरची तक्रार बहुतेक वेळा इथून येते. यापुढची पायरी धोक्याची: कॅम पलीकडे कलंडतो, परत येत नाही आणि चाक चालत्या गाडीत जाम होतं.

काहीही न खोलता

गाडी मेन स्टँडवर, ड्रम गार असताना. आधी मोकळीक मोजा. पुढच्या लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी आणि मागच्या पेडलला २० ते ३० मिमी खेळ या १०० सीसी गाड्यांना योग्य. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. आता हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुढची मोकळीक पुन्हा बघा. हँडल वळवल्यावर ती कमी होत असेल तर केबल आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेने गेली आहे. उंच हँडल बसवलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

मग प्लेटवरचा बाण. बहुतेक गाड्यांत आर्मजवळ एक छोटा बाण आणि प्लेटवर एक खूण ढाळलेली असते. पेडल पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी सांगा आणि बाण बघा. खुणेपर्यंत पोचला तर शू बदलायचेच, त्यात "अजून महिनाभर चालतील" असं काही नसतं. मळी-चिखलाचा थर खरवडून काढल्याशिवाय ही खूण दिसत नाही, म्हणून आधी जुन्या टूथब्रशने प्लेट साफ करा.

पण बाणावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आर्म कॅमच्या दातांवर बसतो. शू संपत आले आणि रॉडचे आटेही संपले की काही ठिकाणी आर्म उतरवून एक दात मागे बसवतात. रॉडला पुन्हा आटे मिळतात, पेडल वर येतं, आणि बाण आर्मवरच असेल तर तो खुणेपासून दूर राहून सगळं ठीक असल्याचं खोटं सांगतो. वाहनमालकाला याचा पत्ताही नसतो. हे ओळखायची खूण अशी: कॅमच्या दांड्याच्या टोकावर आणि आर्मवर एक-एक ठिपका किंवा रेघ कोरलेली असते. ते दोन्ही समोरासमोर असले पाहिजेत. नसतील, तर शू संपलेत असं समजून चाक खोला.

आर्म आणि रॉडमधला कोनही बघा. ब्रेक घट्ट दाबलेल्या अवस्थेत तो ९० अंशांच्या आसपास किंवा थोडा कमी हवा, कारण काटकोनात सगळ्यात जास्त जोर मिळतो. काटकोनाच्या बराच पुढे गेलेला आर्म म्हणजे तुमचा काही जोर वाया.

पेडल सोडल्यावर आर्म टक्कन परत यायला हवा. सावकाश, आळसावून येत असेल तर कॅम गंजलाय. चाक हाताने फिरवा: किंचित, सारखा घासल्याचा आवाज चालतो, एकाच जागी अडकून पुढे सुटत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा प्लेट तिरकी बसली आहे.

आता टॉर्क रॉड. मागची ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला स्विंग आर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) जोडणारी ही पट्टी. ब्रेक मारला की सगळा हिसका हीच झेलते. दोन्ही टोकांचे बोल्ट घट्ट आहेत का, नटात स्प्लिट पिन किंवा लॉक क्लिप आहे का, हे बोट लावून बघा, नुसतं लांबून नाही. पंक्चर काढताना ही पिन निघते आणि बहुतेकदा परत बसत नाही. तिच्या जागी कधी वायरचा तुकडा, कधी काहीच नाही. नट गळून पडला तर प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, ब्रेक रॉड वाकते किंवा तुटते आणि मागचं चाक जाम. दोन-पाच रुपयांच्या पिनेवर हे सगळं टांगलेलं असतं. पुढच्या चाकात हेच काम फोर्कच्या पायावरचा उंचवटा करतो. तो प्लेटच्या खाचेत बसलेला दिसला पाहिजे.

केबलचं टोक लिव्हरमधून बाहेर काढून बघा. शिशाच्या गोळीजवळ एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला. शिवाय पेडल दाबल्यावर मागचा दिवा लागतो का तेही बघून घ्या. मागून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला तोच एक इशारा असतो.

चाक उतरवून

बाहेरून सगळं ठीक दिसलं तरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, दोन्ही चाकं उतरवावीत असं आमचं ठाम मत आहे. कापसाच्या रानातून, गाडवाटेने फिरणाऱ्या गाडीच्या ड्रममध्ये काळी माती शिरते. ती ओली असताना साबणासारखी निसरडी असते, वाळली की बारीक पॉलिश पेपरसारखी घासते.

सामान: एक्सलचे पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी), ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, ओलं फडकं, उष्णता सोसणारं ग्रीस, नव्या स्प्लिट पिन आणि तोंडाला मास्क. मास्क शोभेला नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती भुकटी फुप्फुसात जाऊन बसते. म्हणून कंप्रेसरची हवा मारून ड्रम साफ करायची पद्धत बंद करा. ओल्या फडक्याने भुकटी टिपून घ्या आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

मागचं चाक काढताना क्रम: रॉडचा नट, मग टॉर्क रॉड, मग एक्सलचा नट. एक्सल ओढताना कोणत्या बाजूला कोणता स्पेसर होता याचा मोबाइलवर फोटो काढा. अनेक गाड्यांत चेन न काढताच चाक निघतं, स्प्रॉकेट जागेवर राहतं. पुढच्या चाकात स्पीडोमीटरची केबल आधी सोडा.

ड्रममध्ये पहिल्यांदा रंग बघा. साफ, राखाडी, एकसारखा घासलेला पृष्ठभाग चांगला. निळसर डाग म्हणजे ड्रम फार तापलेला. चिकट काळा लेप म्हणजे ग्रीस आत आलंय, आणि ते बहुधा चाकाच्या बेअरिंगचं सील फाटून किंवा कुणीतरी बेअरिंगमध्ये मूठभर ग्रीस कोंबल्यामुळे. सील न बदलता नुसते शू बदलले तर नवे शूही महिन्याभरात तसेच होतात. ड्रमच्या कडेला बोट फिरवा: शू जिथे घासत नाहीत तिथे कड उभी राहते, आणि ती जितकी उंच तितका ड्रम खाल्लेला. केसासारखा बारीक तडा दिसला तर पुढचं काही बघू नका, हब बदला.

आता मोजणी. ड्रमच्या आत किंवा हबवर कमाल व्यासाचा आकडा ढाळलेला असतो. ११० मिमीच्या ड्रमला सहसा १११, १३० ला १३१. म्हणजे पूर्ण आयुष्यात व्यासात एकच मिलिमीटर झीज मान्य आहे. व्हर्नियरचे आतले जबडे उभ्या कडेच्या आत, घासलेल्या भागावर टेकवून तीन दिशांनी माप घ्या. तिन्ही मापं सारखी हवीत. फरक ०.२ ते ०.३ मिमीचा असला तरी ब्रेक मारताना पेडल पायाखाली धडधडतं. रिमचे स्पोक नवीन बसवले किंवा ओढून घेतले की ड्रम किंचित लंबगोल होऊ शकतो, त्यामुळे असं काम झालं असेल तर हे माप जास्त काळजीने घ्या. ड्रम लेथवर टर्न करायचाच असेल तर स्पोक आणि रिमसकट करून घ्या; सुटा हब टर्न करून नंतर स्पोक ओढले तर मेहनत फुकट. आणि टर्न केल्यावरही ढाळलेल्या आकड्याच्या आत राहिला पाहिजे. चर बारीक असतील तर टर्न करायची गरजच नाही, पॉलिश पेपरने हलका हात मारला की पुरे.

शूवर लायनरची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा. नवा साधारण ४ मिमी, २ मिमीला बदल. टोकं आणि मध्य वेगवेगळे झिजलेले असतात, म्हणून मधोमध एकच माप घेऊन समाधान मानू नका. लायनर चकचकीत, काचेसारखा झाला असेल पण जाडी भरपूर असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर खरडून तो पुन्हा वापरता येतो. तेलाने भिजलेला शू मात्र वाचत नाही. पेट्रोलमध्ये धुवून, आगीवर धरून वाळवायचे प्रयोग चालतात. वरून कोरडा दिसतो, पण ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. टाकून द्या.

जुन्या गाड्यांत एक गोष्ट हटकून तपासायची: लायनर अॅल्युमिनियमच्या शूला गोंदाने चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, घाटातल्या तापण्याने किंवा दुकानात पडून राहिलेल्या मालात तो गोंद सुटायला लागतो. सांध्यावर नखाने टोकरा, आणि शूवर नाण्याने टकटक करा. भक्कम शूचा आवाज टणक येतो, सुटत आलेल्याचा पोकळ, फुटक्या माठासारखा. लायनरची पट्टी ड्रममध्ये सुटली तर ती पाचरीसारखी अडकते. नव्या शूचीही हीच तपासणी करा आणि शू कायम जोडीनेच बदला.

स्प्रिंग काढून बघा. मोकळ्या अवस्थेत वेटोळी एकमेकांना चिकटलेली हवीत. मधून उजेड दिसला तर स्प्रिंग ढिली झाली आहे, आणि तिचे शू ड्रमला सतत घासत राहतील.

कॅम पूर्ण बाहेर काढा. आर्म काढण्याआधी ठिपक्यांची जुळणी लक्षात ठेवा. ठिपके नसतील तर खिळ्याने रेघ मारा. दांडा आणि भोक दोन्ही गंज खरडून साफ करा. परत घातल्यावर दांडा भोकात खालीवर डगडगत असेल तर प्लेट झिजली आहे, मग शू एका बाजूलाच जास्त लागतात. दांड्यावर बोटाने पुसल्यासारखा ग्रीसचा पातळ थर, कॅमच्या दोन्ही सपाट बाजूंवर आणि पिनेवर मुगाच्या दाण्याएवढं. बस. इथे हात सैल सोडला की उरलेलं ग्रीस थेट लायनरवर. फेल्ट किंवा रबरी रिंग असेल तर ती नवी घाला, पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

परत बसवताना

दोन्ही स्प्रिंग शूला लावून शू इंग्रजी व्ही सारखे दुमडा, पिनेवर आणि कॅमवर टेकवा आणि दाबून सपाट करा. स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग ओढत बसलात तर बोट फुटतं आणि लायनरची कड तुटते.

झिजलेल्या ड्रममध्ये नवा शू पूर्ण टेकत नाही, कारण त्याची गोलाई लहान असते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लायनरवर खडूने आडव्या रेघा मारा, चाक बसवा, हळूच ब्रेक लावून चाक दोन-चार वेळा फिरवा आणि पुन्हा उघडा. रेघा जिथे पुसल्या तिथेच शू टेकतोय. फक्त मधल्या पट्ट्यात पुसल्या असतील तर तेवढा उंचवटा पॉलिश पेपरने उतरवा. अर्ध्या तासाचं काम आहे, बहुतेक गॅरेजमध्ये होत नाही, आणि ब्रेकमध्ये पडणारा फरक पहिल्या वळणावर कळतो.

पुढचं चाक चढवताना मीटरच्या गरारीचे कान खाचेत बसवा आणि फोर्कचा उंचवटा प्लेटच्या खाचेत. मागे टॉर्क रॉड आधी लावा आणि ब्रेक रॉड आर्मला जोडा. मग एक्सलचा नट अर्धवट आवळून पेडल पूर्ण दाबून धरा, आणि पेडल दाबलेलं असतानाच नट पूर्ण आवळा. यामुळे शू ड्रमच्या मधोमध बसतात. हे न केल्याने प्लेट थोडी तिरपी राहते आणि एकच शू काम करतो.

टॉर्क रॉडला नवी स्प्लिट पिन. जुनी सरळ करून पुन्हा घालू नका, वाकलेल्या जागी ती मोडते. चेनचा ताण हवा तसा झाला की शेवटी ब्रेकची मोकळीक लावा. चाक मागे ओढलं की ब्रेक घट्ट होतो, त्यामुळे क्रम उलटा केला तर ब्रेक घासत राहील. रॉडचा नट बसवताना त्याची गोल खाच आर्मच्या पिनेवर बसलेली हवी, नाहीतर चार खड्ड्यांत मोकळीक बदलते.

रस्त्यावर घेतल्यावर

आधी मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर २० च्या वेगाने, एकेक ब्रेक वेगळा. पुढचा हळूहळू दाबत जा, झटका नको. नंतर दोन्ही मिळून. ४० च्या वेगाला गाडी दर सेकंदाला ११ मीटर जाते, त्यामुळे वेग पायरीपायरीनेच वाढवा. नवे शू पहिले १५०-२०० किमी अर्धवटच पकडतात. या काळात ओझं आणि घाट टाळा.

दूधवाल्यांसाठी वेगळी सूचना. दोन बाजूंना ४०-४० लिटरचे भरलेले कॅन म्हणजे ८० किलोंहून जास्त वजन, तेही मागच्या चाकावर. अशा गाडीचे मागचे शू दर तीन-चार महिन्यांनी उघडून बघा, वर्षाची वाट बघू नका. केळीचे घड किंवा युरियाच्या गोण्या वाहणाऱ्यांनाही हेच.

तोरणमाळ, चांदसैली किंवा चाळीसगावकडचा कन्नड घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय फार. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, लायनरची पकडही घटते, म्हणून घाटाच्या शेवटी पेडल खाली जातं आणि ब्रेक मात्र लागत नाही. चढताना जो गिअर लागला, उतरतानाही तोच टाका आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून वापरा. जळल्याचा वास आला की थांबा, ड्रम गार होऊ द्या. पाणी मात्र ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो. ज्या बुलेटच्या पुढच्या ड्रमला दोन कॅम आहेत, तिचा पुढचा ब्रेक पुढे जाताना जोरदार, पण चढावर गाडी मागे घसरू लागली तर ढिला पडतो. तिथे पायाच्या ब्रेकवरच धरा.

नाला ओलांडला किंवा पावसात भिजली की ड्रममध्ये पाणी असतं. पलीकडे निघाल्यावर ५०-१०० मीटर दोन्ही ब्रेक हलके टेकवून चालवा, उष्णतेने लायनर वाळतो. गाडी धुताना प्रेशरचा पाइप प्लेटच्या कडेवर धरू नका.

२०० किमी झाल्यावर मोकळीक पुन्हा लावा, एक्सलच्या आणि टॉर्क रॉडच्या नटाला पाना लावून बघा, आणि ब्रेक दाबून बाण कुठे येतो तिथे खिळ्याने छोटी खूण करून ठेवा. पुढच्या वेळी बाण त्या खुणेपासून किती सरकला यावरून लायनर किती गेला याचा अंदाज चाक न खोलताही येतो.